रॉडखालचे हात

तळहाताला लोखंडाचा वास लागला की धरमपेठेतल्या जिममधला तो दिवस आठवतो. वजन कमी करायला माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून घरात कुणी मला बादलीसुद्धा उचलू देत नव्हतं. डॉक्टर हो म्हणाले तेव्हा मी जिममध्ये परत गेले. नुसता रिकामा रॉड मांडीपर्यंत उचलला, तर तो तिथून वर जाईना. चरबीबरोबर ताकदही गेली की काय, आतलं काही फाटलं तर? सोबत आलेली आई खुर्चीवरून उठली. "मले भेव लागून राहिलं वं," म्हणत तिनं चक्क रॉडखाली दोन्ही हात पसरले. ट्रेनर हसला, मला हसू येईना. तिच्या हातांवर पडू नये म्हणूनच मी तो रॉड छातीपर्यंत नेला. आता आई सोबत येत नाही, तरी उचलण्याआधी मी खाली बघून घेते.