जुळायची राहून गेलेली लेकरं

दवाखान्याच्या बाकावर बसून बसून माझ्याकडे इतकं साठलंय, की नवऱ्याला सांगायला गेलं की तो म्हणतो, "बास कर, जेवू दे." म्हणून इथे लिहितेय. हसू आलं तर हसा. आम्हीपण हसतो, दुसरं करणार काय!

आधी आमचं सांगते. नवऱ्याची नोकरी रेल्वेत, म्हणून सोलापूर सोडून चेन्नईत आलो, वेस्ट मांबलमला राहतो. आमची परी जन्मली तीच वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला घेऊन. दूध पाजलं की निम्मं नाकातून बाहेर. डॉक्टर म्हणतात, वजन भरलं की ओठाचं ऑपरेशन. आणि ओठ फाटलेला म्हणून दूध पोटात जात नाही, म्हणून वजन भरत नाही! आता यातून मार्ग कुणी काढायचा? मी सातवी शिकलेली, तमिळ येतं ते भाजी घेण्यापुरतं.

बाकावर अक्का भेटल्या ते बरं झालं. तंजावरकडच्या मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडच्याच. त्यांची मराठी आपल्या पणजीच्या वेळची वाटते. पहिल्या दिवशी मी नुसती रडत होते, तर मांडीवरचा नातू सावरत म्हणाल्या, "रडूं नको गे. रडून ओठ जुळेल की?"

ओळख झाली ती अशी!

*

अक्कांच्या नातवाच्या कानापुढे बारीक भोक आहे, सारखं पिकतं. डॉक्टरांचं तमिळ अक्काच मला मराठीत करून सांगतात. लेडी डॉक्टरांनी समजावलं, "पोटात बाळ अगदी लहान असतं ना, तेव्हा त्याच्या गळ्याशी घड्या असतात. माशात त्याच घड्यांचे कल्ले होतात, माणसात जबडा आणि कान होतो. घड्या जुळताना असं एखादं भोक राहून जातं. आपलं नातं माशांशी फार जुनं आहे."

अक्का ताडकन उठल्या. "डॉक्टर! आमच्या घरांत अंडंसुद्धा येत नाही. मासा कोठून आला?"

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "तुमच्या घरच्याही आधी आला, अक्का."

*

बाकावरच्या सेल्वीच्या बाळाला शेपूट आहे. खरंच! कमरेखाली, बोटाएवढं, मऊ. तिच्या गल्लीतले लोक केळी आणि कापूर घेऊन येतात, बाळाला पालथं करून पाया पडतात.

डॉक्टर म्हणाल्या, "पोटात असताना शेपूट सगळ्यांनाच असतं. नंतर विरून जातं. याचं थोडं राहिलं, इतकंच."

सेल्वीने विचारलं, "सगळ्यांना? मंत्र्यांनासुद्धा?"

"मंत्र्यांनासुद्धा."

सगळा बाक खो खो हसला. सेल्वीही हसली, आणि हसता हसताच काहीतरी बोलली. अक्कांनी मला मराठीत सांगितलं, "म्हणते, पाया पडायास सारे येतात, मांडीवर कोणी घेत नाही."



*

सोलापूरहून सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "ग्रहणात काय चिरलं होतंस?"

अहो, परीच्या वेळच्या ग्रहणात सोलापूरला मला त्यांनीच अंधाऱ्या खोलीत सरळ निजवलं होतं. विळी, सुरी, कात्री, सगळं दुसऱ्या खोलीत. कूस बदलू दिली नाही. पाठ खाजत होती, तीही खाजवू दिली नाही. दारात स्वतः बसून होत्या!

एकदा धीर करून म्हटलं, "तुम्हीच तर राखण केलीत, मी काय चिरणार?"

मग म्हणाल्या, "मनात चिरलं असशील!"

*

डॉक्टरांच्या खोलीत एक तक्ता आहे. मासा, कोंबडी, गाय आणि माणूस, चौघांचं पोटातलं नाहीतर अंड्यातलं अगदी सुरुवातीचं रूप. चारही काजूसारखी वाकडी, चौघांना शेपूट. डॉक्टरांनी विचारलं, "यातलं माणसाचं कुठलं?" मी मोठ्या ऐटीत बोट ठेवलं. कोंबडी निघाली!

डॉक्टर हसल्या. "सगळ्यांचा मूळपुरुष एकच, म्हणून सुरुवात सारखी. पुढे वाटा फुटतात."

मी विचारलं, "मग माझी परी कुठल्या वाटेवर चुकली?"

"चेहरा दोन्ही बाजूंनी येऊन मधे जुळतो. तिचा जुळला नाही. का, ते दरवेळी कळत नाही. पण तुम्ही काही केलं नाहीत."

बाहेर येऊन मी परीचा ओठ पुसत बसले. अक्का म्हणाल्या, "कोंबडीच बरी गे. तिज सासू नसते."

*

चेहरा जुळल्याची ही शिवण प्रत्येकालाच असते म्हणे. नाकाखाली जी पन्हाळ असते, तिच्या दोन्ही कडा म्हणजे जोड. हे कळल्यावर बाकावरच्या सगळ्या बायका ओठांवर बोट ठेवून चाचपत बसल्या. तेवढ्यात वॉचमन कोणावर तरी खेकसत आला. आम्हाला बघून एकदम थांबला, आणि चपला हातात घेऊन पाय न वाजवता निघून गेला!

घरी जाताना बसमध्ये मी एकेकाचा ओठ बघत होते. कंडक्टर, कॉलेजच्या पोरी, झोपलेला म्हातारा. सगळ्यांचा जुळलेला होता.

*

शेवटी एकदाचं वजन भरलं. चमच्याचमच्याने भरलं. ऑपरेशनसाठी सासूबाई सोलापूरहून आल्या. सकाळपासून बाळाला काही द्यायचं नाही, असं बजावलेलं. आत न्यायच्या वेळी सिस्टरने परीचं तोंड बघितलं. हनुवटी चिकट!

सासूबाई म्हणाल्या, "मध चाटवला. लेकराला उपाशी कापायला नेतात का कुणी?"

ऑपरेशन रद्द. परत बाकावर. त्या दिवशी सासूबाई परीला मांडीवरून खाली ठेवेनात. मग तिला सर्दी झाली, वजन उतरलं. मी पुन्हा चमचा हातात घेतला.

*

पुढच्या तारखेला मात्र आत घेतलं. दाराबाहेर मी आणि सासूबाई. दोघींच्याही पोटात पाण्याचा थेंब नव्हता, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

दार उघडलं. सिस्टरने पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं. झोपेत होतं. इवलंसं बंद तोंड, वर काळे टाके.

सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली. "अगं बाई, केवढं देखणं केलंय!"

मी बाळाकडे बघितलं. मग सिस्टरच्या पाठीमागे बघितलं, दार लागत होतं. तमिळ एक शब्द आठवेना. मराठीतच ओरडले,

"सिस्टर, हे कोणाचं दिलंत? माझी आणा ना! ती सकाळपासून उपाशी आहे."