मुंगीएवढी अक्षरं

तीन आठवडे मला धड झोप नव्हती. तिशीतच डोळे चालले, मग नोकरी जाणार, मग माझ्या लेकीच्या, चिनूच्या शाळेचं काय, इथपर्यंत मी अंथरुणात पडल्या पडल्या पोचत असे. आता मात्र आमच्या राइस मिलच्या ऑफिसात चार माणसं चहाला जमली की त्याच तीन आठवड्यांचे किस्से निघतात. संपतच नाहीत!

झालं इतकंच, की शेठजींनी जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवला. नवी सिस्टीम, भला मोठा स्क्रीन आणि त्यावर मुंगीएवढी अक्षरं. शेजारचे हिशेबनीस बिसेन काका त्याच स्क्रीनवर निमूट काम करत होते. म्हणजे खोट माझ्यातच, असं मी धरून चालले.

*

गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. बाकावर बिसेन काका! ते म्हणाले, नातवाला दाखवायचंय. मी म्हटलं, चिनूला दाखवायचंय. नातू आणि चिनू, दोघंही सोबत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. माझी काळजी दुप्पट झाली. डोळे नाहीत, तर मग डोकं?

*

दुसऱ्या दिवशी काकांनी तांदूळ तपासायचं भिंग आणलं. ताटलीत मूठभर तांदूळ पसरून तुटके दाणे, म्हणजे कनकी, किती ते त्यातून बघतात. आता काका ते भिंग स्क्रीनवर धरायचे, मी माऊस हलवायचे. तेवढ्यात शेठजी आत आले.

काका भिंग न हलवता म्हणाले, "कनकी नाई शेठजी. माल साफ आहे."

*

नागपूरचा कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला, रिझोल्यूशन कमी करा. केलं. अक्षरं भोपळ्याएवढी झाली, पण ओकेचं बटण स्क्रीनच्या खाली निघून गेलं. काका खुर्ची सरकवून खरंच टेबलाखाली वाकले. ओके दाबलं गेलं नाही, म्हणून ते वर येईपर्यंत पुन्हा मुंग्या.

*

मग ती चूक झाली. गेट पासवर ट्रकच्या नंबरात आठाच्या जागी मी तीन टाकला. चौकीदारानं भरलेली गाडी संध्याकाळपर्यंत सोडली नाही. शेठजी एवढंच म्हणाले, "बेटा, एक बार और हुआ, तो मैं किसी और को देख लूँगा." बेटा म्हणाले, त्याचीच जास्त भीती वाटली.

शनिवारी चिनूची सकाळची शाळा, म्हणून दुपारी ती माझ्याजवळ बसते. तिसरीत आहे. त्या शनिवारी मी गेट पास बनवत होते आणि शेठजी खुर्चीमागे उभे. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन उगवला. तो रोजच यायचा, आणि जे वाचता येत नाही त्याला फुली मारायची, हा काकांचा नियम. मी फुलीकडे माऊस नेला, तशी चिनू वाकून मोठ्यानं वाचायला लागली.

"क्या अक्षर छोटे दिख रहे हैं? यहाँ दबाएँ."

दाबलं. एक-दोन टिचक्यांत अक्षरं मोठी झाली. ट्रकचा नंबर शेठजींनी स्वतः वाचून घेतला आणि गाडी सुटली. काका तर उठून उभेच राहिले. शेठजींनी चिनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, हे आजच दिसलं का तुला?

"नाई," चिनू म्हणाली. "मी तं तीन शनिवारपासून वाचून राहिली. पण आई म्हणते, ऑफिसात तोंड उघडलं तं शेठजी खेकसतात."