मूर्तीशेजारचा फोटो

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला, की तिसऱ्या मजल्यावरची मैत्रेयीताई नोकरी सोडून भिक्षुणी होणार. मुंडनाची तारीखही ठरली म्हणे. खरं एवढंच, की नागपूरहून आयटीत आलेली ही मुलगी दहा दिवस विपश्यनेला जाऊन आली होती, आणि केस तिनं उकाड्यापायी कापले होते.

पण बोभाट्यानं काम केलं. सोसायटीचे सेक्रेटरी पद्मनाभ अण्णा तिच्या दारात हजर. "बुद्धपौर्णिमेला खाली हॉलमध्ये ध्यान घे की. मूर्ती आहे, मेणबत्त्या आणू. पोरं मागं लागलीत."

पोरांचा बुद्ध मोबाइलवरच्या ध्यानाच्या ॲपमधला. घंटा वाजवतो, वीस मिनिटांत मोकळं करतो. मैत्रेयीताईचाही दोन वर्षं तोच होता. घरचा बुद्ध निराळा: पांढरे कपडे, खड्या आवाजात त्रिशरण, आणि मूर्तीशेजारी बाबासाहेबांचा फोटो. तो फोटो इथं कपाटात होता. घर देताना घरमालकिणीनं, म्हणजे माझ्या आईनं, सगळ्या बिल्डिंगच्या प्रमोदिनी अक्कानं, ताईचं आडनाव दोनदा विचारलं होतं. आणि भाडेकरार याच आठवड्यात संपत होता.

दुपारी बाबांचा फोन आला. "मूर्ती अन् फोटो, दोन्ही लावशीन ना?"

"इथं नुसतं ध्यान आहे, बाबा."

"बरं. तुले जमन तसं कर."

रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी पांढरा कुडता घालून ती खाली आली. पिशवीतून चौकटीचा कोपरा डोकावत होता. अक्कानं तो हेरलाच.

"स्वल्प थांब गं. पिशवीत काय?"

"फोटो आहे, अक्का."

"कुणाचा?"

तीसेक माणसं मांडी घालून बसलेली. पुटपुट थांबली. 'घरच्यांचा' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"बाबासाहेबांचा. आमच्याकडे वंदना दोघांपुढं होते."

"अगं, हे ध्यान आहे," पद्मनाभ अण्णा हळूच म्हणाले, "त्यात ते कशाला?"

तिनं फोटो मूर्तीला टेकवला. काडी दोनदा विझली, तिसरी पेटली. "बुद्धं सरणं गच्छामि." पहिली ओळ एकटीची. दुसऱ्या ओळीला मागून दोन पोरांचे आवाज मिसळले. अक्का हाताची घडी घालून उभीच.

सकाळी ताई नव्या भाडेकराराच्या सह्यांना आली, तर अक्का गोड आवाजात म्हणाली, "भाचा येतोय गं राहायला. घर लागणार. सरी, ठीक ना?"

आईला भाचा नाही.

ताई फोटो पिशवीतून काढणार नाही, अशी पैज मी त्या संध्याकाळी ताईशीच लावली होती. हरेल त्यानं दुसरा सांगेल ते काम करायचं. शनिवारी तिची सगळी खोकी तीन मजले उतरवून मी टेम्पोत चढवली.