महादेवीकाकूंचा कायदा आणि माझा नंबर

मंडळी, आज लई आनंदात लिहितेय.

चष्म्याचा नंबर, मोबाईलचा नंबर, शाळेतला नंबर, सगळे आपल्याला माहीत आहेत. पण यंदाच्या दुष्काळात आमच्या जळकोटच्या गल्लीत नंबर म्हणजे टँकरसाठी रांगेत मांडलेली घागर. रांगेत गप्पांचे विषय दोनच: टँकर कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार.

रांगेचा कायदा महादेवीकाकूंचा. नंबर आला आणि मालकीण हजर नसली, तर घागर थेट शेवटी. परवा त्यांनी सख्ख्या सुनेचीही घागर मागं नेली!

आज सकाळी मी घागर मांडली आणि लेकीला वक्तृत्व स्पर्धेसाठी उदगीरला घेऊन गेले. रोज संध्याकाळी येणारा टँकर नेमका दुपारीच आला. बसमध्ये शेजारणीचा फोन आला, तेव्हाच मी पाण्याची आशा सोडली.

घरी आलो तर उंबऱ्याशी माझी घागर काठोकाठ भरलेली! शेजारी काकू.

"काकू, तुमचा कायदा?"

"कायदा हाय की. एक घागर मागं न्यावीच लागली. माझी नेली."

"मग तुम्हाला पाणी?"

"न्हाई पुरलं. ते राहू दे. पोरीचा नंबर कितवा आला, ते सांग आधी!"

"दुसरा," लेक म्हणाली आणि आमची घागर उचलून काकूंच्या घराकडं निघाली. अर्धं पाणी तिकडं ओतूनच आली.

तुमच्या गल्लीत पहिला नंबर कुणाचा?