बोटीच्या वेळेआधी सापडलेली बाई

बत्तीस वर्षांच्या नोकरीत चोर-लबाड पुष्कळ पाहिले. त्यातले बरेच विसरलो. पण इस्रायलमधल्या हायफा बंदरावर एका गुरुवारी मी शोधून काढलेली एक म्हातारी बाई काही मनातून जात नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा हायफाहून सायप्रसमार्गे ग्रीसला गाड्या नेणारी बोट सुटत असे. बंदरावरच्या पोलीस चौकीचा मी प्रमुख होतो. बोटीच्या दिवशी दुपारपासून गाड्यांची रांग लागे. कागद बघायचे, गाडी तपासायची, शिक्का मारायचा. दहा वर्षं हेच केल्यावर माणूस माणसाच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघू लागतो.

त्या दुपारी अश्केलोनच्या ठाण्याकडून निरोप आला. चौऱ्याहत्तर वर्षांची, कोकणातून इकडे आलेल्या आपल्या बेने इस्रायल ज्यू समाजातली बाई बेपत्ता आहे. हृदय कमजोर असून रविवारी ऑपरेशन ठरलं आहे. थोरल्या मुलाची तक्रार होती की धाकट्याने तिला फिरायला म्हणून मोटारहोममध्ये नेलं, ते परत आणलंच नाही. पाठोपाठ लोदहून एका बाईचा फोन आला. नाव न सांगता मराठीत म्हणाली, "आई आज बोटीने चाललीय. तिला काही झालं तर पाप आम्हाला लागेल."

गाडी रांगेतच होती. धाकटा मुलगा बस गॅरेजात मेकॅनिक. जुनी व्हॅन घेऊन त्याने स्वतःच्या हाताने तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली होती. बरोबर त्याची बायको. मी दोघांना चौकीत बसवलं.

"आई कुठंय?"

"आमच्याबरोबर नाही, साहेब. दोन मुक्काम अरादला केले, एक लोदला माझ्या बहिणीकडे. तिथंच उतरली ती."

तीन वेळा फिरवून विचारलं, तिन्ही वेळा तेच वाक्य, शब्दाला शब्द. खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी विसरतो, काहीतरी वाढवतो. हा पाठ करून आला होता. पण गाडीत तिसरं अंथरूण नव्हतं, म्हातारीचं लुगडं नव्हतं, औषधाची बाटलीसुद्धा नव्हती. प्रवाशांची यादी बोट सुटायच्या जरा आधी हाती येई, आणि तोवर उशीर झाला असता.

मी पुन्हा गाडीत चढलो. शेगडीमागे स्टीलचं पातेलं होतं. झाकण काढलं तर आत काळ्या मनुका भिजत घातलेल्या.

आमच्या लोकांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या किद्दुशला, म्हणजे वाइनच्या पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायची चाल आहे. कोकणातल्या गावात वाइन कुठून मिळणार? इथे आल्यावर तरुणांनी दुकानातली बाटली जवळ केली आणि मनुका भिजवणं म्हाताऱ्या बायकांकडे राहिलं. माझी आईही गुरुवारीच भिजवायची. मी सुनेला विचारलं, हे काय? ती मोरोक्कोहून आलेल्या ज्यू घरातली. पातेल्यात वाकून बघत म्हणाली, "लो योदात." ठाऊक नाही.

तिचं खरंच होतं. तिला ठाऊक नव्हतं, म्हणजे भिजत घालणारी दुसरीच कोणी होती, आणि ती आजपर्यंत गाडीत होती.

मी मुलापुढे पातेलं ठेवलं. "आईला कुठं बसवलंयस?"

मग त्याने सांगून टाकलं. तिचं तिकीट वेगळं काढलं होतं. पायी चढणाऱ्यांच्या हॉलमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो, हे कबूल करतो.

"मला कोणी पळवलेली नाही, बाबा," ती म्हणाली. "मीच बोलली याला, ने म्हणून. लग्नाअगोदर रेवसहून भाऊच्या धक्क्याला जायची मी बोटीने. वर उघड्यावर बसायचं, वारा खायचा. नंतर नवरा, पोरं, हा देश. विमानात घालून आणलं आम्हाला, समुद्र दिसलापण नाही. आता पोट फाडायचं की छाती, ते मी परत आल्यावर करा तुम्ही. पण आधी दोन दिवस मला बोटीवर बसू दे."

मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, प्रवास करू नये असा माझा सल्ला आहे, पण बाई शुद्धीवर आहे, निर्णय तिचा. कायदाही हेच सांगत होता. तिचा पासपोर्ट तिच्याच हातात होता. मला तिला थांबवायचा अधिकार नव्हता.

म्हणून मी थांबवलं नाही. मी फक्त जबाब लिहून घेतला, सावकाश. मग मुलाचा, मग सुनेचा. एक सही राहिली म्हणून पुन्हा बोलावलं. साडेसहाला बोटीची दारं बंद झाली. खिडकीतून तिला ते दिसलं. ती पिशवीचे बंद तेवढे घट्ट बांधत राहिली. रात्री थोरला येऊन तिला घेऊन गेला. त्याने माझे दोन्ही हात धरले. वरिष्ठांनीही पाठ थोपटली.

ऑपरेशन यशस्वी झालं. ती आणखी सहा वर्षं जगली, थोरल्याच्या घरात. बोट राहिली दूर, तिला कोपऱ्यावरच्या दुकानात एकटं जाऊ देत नसत. हे मला धाकट्याने सांगितलं, निवृत्तीनंतर लोदला एका लग्नात भेटला तेव्हा. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात हलवला.

"आईचा राग नव्हता तुमच्यावर. म्हणायची, पोलीसवाला चांगला होता बिचारा. मी मरेन म्हणून मी नव्हती घाबरली, तो घाबरला होता."

पुढच्या नोकरीत घरातून गेलेलं कोणी म्हातारं माणूस सापडलं की मी आधी त्यालाच विचारत असे, तुम्हाला कुठं जायचंय? लोक म्हणत, साहेब मवाळ झाले. पण त्या लग्नात जेवण समोर तसंच राहिलं माझं. सहा वर्षांत अश्केलोनपर्यंत दोन तासांचा रस्ता करून मी त्या बाईला एकदा बोटीवर बसवू शकलो असतो, आणि ते मला एकदाही सुचलं नव्हतं.