सेमी-ऑटोमॅटिकची उत्तरपूजा

आमच्या पनवेलच्या घरी बटाटे वॉशिंग मशीनमध्ये असत आणि कांदे त्याच्या ड्रायरमध्ये. घरात कुणालाच यात काही वावगं वाटत नसे. पाहुण्यांना वाटलंच तर आई सांगायची, "तिथे हवा खेळती राहते, मोड येत नाहीत." फ्रीजमध्ये गोधड्या आणि डांबरगोळ्या होत्या. कूलरवर मिक्सर होता, मिक्सरवर टेबलफॅन, आणि यातलं एकही यंत्र सुरू होत नव्हतं. हॉलपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये ही सगळी मंडळी एका ओळीत उभी होती. उरलेल्या फटीतून आम्ही पोट आत घेऊन, आडवे होऊन जात असू. लग्न होऊन रोडपालीला गेले तेव्हा मला कळलं की बाथरूमला सरळ चालतही जाता येतं.

'बंद पडलंय' हे शब्द बाबांसमोर उच्चारायची सोय नव्हती. ते तळोज्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आणि ते निवृत्त झाले तसा कारखाना घरी आला. त्यांच्या लेखी काहीच बंद नव्हतं, सगळं दुरुस्तीला होतं. फ्रीजचा एक पार्ट 'येतोय' हे मी कॉलेजात असताना ऐकलं होतं. माझी मुलगी कॉलेजात गेली तरी तो वाटेतच होता.

एवढंच असतं तर एखाद्या दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर मी सगळं परस्पर काढून टाकलं असतं. तेवढा निर्दयपणा माझ्यात आहे. पण अडचण दसऱ्याची होती. दसऱ्याला बाबा घरातली यंत्रं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लावतात आणि झेंडूचे हार घालतात. त्यात चालू आणि बंद असा भेदभाव नाही. उलट बंद असलेल्यांचा हार जरा मोठा, कारण त्यांना धीर द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. मशीनच्या झाकणावर इतक्या दसऱ्यांचं कुंकू चढलं होतं की त्या कुंकवाचं स्वस्तिक आता घासूनही जात नसे. "ज्याला हार घातला, नमस्कार केला, त्याला भंगारात घालू?" असं बाबा विचारायचे, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला मी या एका प्रश्नावर हरायचे.

यंदा मार्गशीर्षात आई एका लग्नात पडली. कार्यालयाची फरशी चकचकीत, आजूबाजूला सगळं मोकळं. नवरानवरीला भेटून परत येताना ती मधोमध खाली बसली ती उठलीच नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, घरी सोडतो, पण वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत सरळ जाता आलं पाहिजे. नाहीतर तशी सोय असेल तिथे न्या.

तशी सोय डोंबिवलीच्या मावशीकडे होती. तिने फोनवर सांगून टाकलं, "माझ्याकडे आणा. माझ्याकडे पॅसेज म्हणजे पॅसेज आहे." मावशी प्रेमळ आहे, पण तिच्या हातात सापडलेलं माणूस लवकर सुटत नाही. आईला ती होळीपर्यंत तरी सोडणार नव्हती. इकडे बाबा दोन्ही वेळा चहा आणि खारीवर दिवस काढत होते. मी दिलेला डबा तसाच परत यायचा. आईवाचून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि हे कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. मला त्यांची कीव येत होती, आणि कीव आली की मी जास्त चिडते.

हॉस्पिटलच्या बाकावर मी विषय काढला. "बाबा, आई की फ्रीज? एक काय ते सांगा."

"असं विचारतात का?"

"मी विचारतेय."

"पूजा केलेली वस्तू अशी उचलून बाहेर काढत नाहीत."

"गणपती नाही आपण दीड दिवसात पाण्यात सोडत?"

"त्याच्या आधी उत्तरपूजा होते. देव निघून जातो, मग मागे नुसती माती राहते."

"मग करा की यांचीही उत्तरपूजा!" मी ओरडले. नर्सने वळून बघितलं.

 बाबांचा चेहरा एकदम उजळला. हवा तो पार्ट सापडल्यावर ते असे दिसायचे. त्यांनी तिथल्या तिथे आमच्या गुरुजींना स्पीकरवर फोन लावला.

"कुठली मूर्ती आहे, काका?" गुरुजींनी विचारलं.

"सेमी-ऑटोमॅटिक," बाबा म्हणाले.

 पलीकडून प्रश्न आला, "प्राणप्रतिष्ठा कोणी केली होती?"

"दुकानातून माणूस आला होता, डेमो द्यायला."

"मग हरकत नाही," गुरुजी म्हणाले. कशाला हरकत नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

आईला सोडायचं त्याच दिवशी सकाळी गुरुजी स्कूटरवरून आले. पॅसेजमध्ये मावेनात म्हणून निम्मे हॉलमध्ये बसले. संकल्पाच्या वेळी त्यांनी विचारलं, "यांचं गोत्र?"

"कंपनी बंद पडली," बाबांनी सांगितलं.

"गोत्र माहीत नसेल तर काश्यप धरतात," म्हणून गुरुजी पुढे गेले. माझं सासर काश्यप गोत्राचं. म्हणजे फ्रीज नात्याने माझा दीर लागला. मी निमूटपणे पदर सावरला.

पुढे मूर्ती जागेवरून जराशी हलवायची असते. गणपती एका बोटाने हलतो. फ्रीज हलेना. बाहेर भंगाराचा टेम्पो घेऊन जासईचा ड्रायव्हर थांबला होता, त्याला आत बोलावलं. त्याने समया बघितल्या, हार बघितले आणि चपला काढल्या.

"ताई, आमी भंगार न्यायला आलो ना?"

"हो."

"मंग ही पूजा कसली हाय?"

"भंगाराचीच."

"बरं," तो म्हणाला. आधी फ्रीजच्या पाया पडला आणि मग फ्रीजला खांदा लावला. फ्रीज एक बोटभर सरकला, गुरुजींनी अक्षता टाकल्या आणि देव गेला.

आरती सुरू झाली तशी वरच्या मजल्यावरची काकू डोक्यावर पदर घेऊन जास्वंदीचं फूल हातात धरून आली. "यंदा माघी गणपती एवढ्या लवकर?" तिने हळूच विचारलं. मी खरं काय ते सांगितलं. ती हसेल, निदान मला वेड्यात काढेल, असं मला वाटलं होतं. ती "जरा थांबा हं, आरती संपवू नका," म्हणाली आणि वरून गीझर घेऊन आली. तिच्या मागून समोरचे सर प्रिंटर घेऊन आले. मग कुणाची इस्त्री, कुणाचा स्टॅबिलायझर. इतकी वर्षं या सगळ्यांच्या घरात हेच चाललं होतं आणि कुणी कुणाला बोललं नव्हतं. गुरुजी घड्याळाकडे बघून म्हणाले, "सामुदायिक करून टाकू."

बाबांनी पहाटे उठून दहीपोह्यांची शिदोरी केली होती, वाटेसाठी. ती त्यांनी फ्रीजमध्ये ठेवली. त्या फ्रीजमध्ये कितीतरी वर्षांनी खाण्याचा पदार्थ गेला. शेवटी गुरुजी 'पुनरागमनाय च' म्हणायला लागले आणि मी किंचाळले, "ते गाळा! परत या म्हणू नका त्यांना!"

"मंत्र अर्धवट सोडत नाहीत," बाबा म्हणाले.

"तुम्ही इतकं सगळं अर्धवट सोडलंय, त्यात एक मंत्र!"

"मी मनात म्हणतो," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचे ओठ हलताना मी बघत राहिले.

टेम्पो भरला. सवयीने कुणीतरी 'मोरया' म्हणालं. बाबा ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. "वाटेत पाणी लागतं का कुठे?"

"मोऱ्याच्या धक्क्यावर गेलो तर समुद्र हाय, काका. तिकडं नेऊ काय?"

"सरळ गोडाऊनला न्या!" मी मागून ओरडले. टेम्पो वळला आणि वरची काकू चक्क डोळे पुसत आत गेली.

मग मी पॅसेज धुतला. साबणाचं पाणी ओतून दोनदा खराट्याने घासला, फडक्याने कोरडा केला. खालून मूळची फरशी निघाली, ती पिवळी होती हे मी विसरूनच गेले होते. बाबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत गेले आणि म्हणाले, "केवढा मोठा आहे." मला फार आनंद झाला. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा जिंकले होते.

संध्याकाळी आईला घरी आणलं. तिने पाणी घेतलं, देवाला हात जोडले आणि बाथरूमला जायला उठली. मी वॉकर पुढे केला आणि पॅसेजचा दिवा लावला. मला तिचा चेहरा बघायचा होता. ती पॅसेजच्या तोंडाशी आली आणि थांबली.

"सगळं कुठे गेलं?"

"गेलं! आता बघ, सरळ जाता येतं."

"धरू कशाला?"

मी वॉकरकडे बोट दाखवलं.

"हा माझ्याबरोबर सरकतो," आई म्हणाली. "मला न हलणारं काहीतरी पाहिजे."

मग तिने सांगितलं. गुडघे तिचे केव्हाच गेले होते. पहिला हात कूलरवर, दुसरा मशीनच्या झाकणावर, मग फ्रीजचं हँडल, तिथून बाथरूमची कडी. रात्री दिवासुद्धा लावत नसे ती. "घरात पडले का मी कधी?" तिने विचारलं. "त्या कार्यालयात धरायला काही नव्हतं गं."

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू माझ्या मागे लागली असतीस. आणि यांना वाटलं असतं, मी यांच्या फ्रीजची बाजू घेतेय."

मी माझ्या पिवळ्याधमक फरशीकडे बघत राहिले. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. हार्डवेअरच्या दुकानात फोन लावला, भिंतीला स्टीलचे दांडे बसवून हवेत, आत्ताच्या आत्ता. माणूस उद्या सकाळी येईल, असं उत्तर आलं. इकडे आईला थांबवत नव्हतं. मी तिच्या बगलेत हात घालायला गेले, तर ती अंग चोरून म्हणाली, "तू ओढतेस."

बाबा खुर्चीतून उठले. पॅसेजमध्ये गेले आणि कूलर असायचा तिथे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "धर," म्हणाले.

आईने वॉकर माझ्याकडे दिला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एक पाऊल टाकलं. बाबा तिच्या हाताखालून न निसटता बाजूला सरकले.

"मशीन जरा पुढे होतं," आई म्हणाली. ते जरा पुढे झाले. "आणि एवढं उंच नव्हतं." ते वाकले.

"आता फ्रीज," ती म्हणाली. "हँडल उजवीकडे." त्यांनी उजवं कोपर पुढे केलं.

"हलू नका हं."

"मी कुठे हलतोय?"

बाबांचेही गुडघे गेले आहेत. खुर्चीतून उठताना ते काय काय धरतात ते मी नेहमी बघते. ते भिंतीला पाठ टेकून, दात आवळून उभे होते, आणि आई सगळा भार त्यांच्या कोपरावर टाकून, बाथरूमच्या कडीकडे बघत, सावकाश पाऊल उचलत होती.