नाकातलं मलम

आईच्या बायपासआधी डॉक्टरांनी एक छोटी ट्यूब दिली होती. नाकात राहणारे जंतू छातीच्या जखमेत गेले तर पू होतो, म्हणून ऑपरेशनपर्यंत सकाळ-संध्याकाळ दोन्ही नाकपुड्यांत हे मलम लावायचं. आणि तपकीर बंद. काम माझ्याकडे होतं.

लावलं, तर आईनं पदरानं नाक पुसून टाकलं. "लय चिकट हाय रे. लोणी कोंबल्यावानी व्हायलंय." तपकिरीवाचून ती सुनेवर चिडायची, घरभर फिरायची, मग धापा टाकत बसायची. शेवटी मीच कपाटातली डबी काढून तिच्या हातात दिली. कीव आली म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला कटकट नको होती. परभणीहून ऑपरेशनला निघताना ट्यूब भरलेलीच होती. ती मी मोरीत पिळून रिकामी केली.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "मावशी, मलम लावलं ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "लावलं की! माझ्या लेकानं रोज लावलं."

मी नुसती मान हलवली.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर ड्रेसिंग बदलताना जखमेचं खालचं टोक बघायचो. लाल वाटायचं, मग नाही वाटायचं. परत पट्टी उचलायचो. बायको म्हणाली, "तुमी बघून बघूनच लाल करायलाव." एका सकाळी पट्टीवर पिवळा डाग दिसला.

डॉक्टरांनी खालचे टाके उघडून जखम धुतली. पू हाडापर्यंत गेला नव्हता. मी तिथंच सगळं सांगितलं, मोरीसकट.

"त्यामुळंच झालं असं नाही सांगता येणार. त्यांना साखरही आहे," डॉक्टर म्हणाले. "पण आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं." गोळ्या बदलल्या, आणि मलम पुन्हा लिहून दिलं.

बाहेर येताच आई भडकली. "तुला कोनी इचारलं व्हतं? मी निभावून नेलं व्हतं की!"

आता मलम मीच लावतो. शिंक आली की छातीचं हाड दुखतं, म्हणून ती उशी घट्ट कवटाळून बसते.

"डबी?"

"न्हाई."

"लय कठोर झालास."

जखम अजून भरायची आहे. मलम मुरेपर्यंत मी तिचा पदर हातात धरून समोर बसून राहतो.